नसलेल्या वळणाचं भाडं

मोठ्या बाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "तुम्ही एक टप्पा फुकट दिला."

मी तेव्हा जळकोटहून लोहाऱ्याला जाणाऱ्या गाडीत बसले होते. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर वळकटी आणि पर्समध्ये लोहाऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर होण्याचा हुकूम. सोलापुरात वाढलेली मी, खिडकीतून दिसणाऱ्या त्या करड्या माळाकडं बघून आधीच खट्टू झाले होते. त्यात मागच्या बाकावरून हे वाक्य आलं. वळून बघितलं तर पन्नाशीच्या एक बाई. पांढरं सुती पातळ, काळी छत्री, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट.

"सोलापूरपासून किती तिकिटं काढली?" त्यांनी विचारलं.

"तीन. आधी नळदुर्गचं, मग जळकोटचं, आता हे."

"पहिल्या दोनाच्या जागी थेट जळकोटचं काढायचं. नळदुर्गला उतरून काय चहा प्यायचा हुता?"

मला राग आला. पैसे माझे, प्रवास माझा. पण बाईंनी माझ्या रागाची दखल घेतली नाही. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. एस.टी.चं भाडं टप्प्यानं लागतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. तुम्ही सहा गेलात तरी एक टप्पा, आणि सहाच्या पुढं शंभर पावलं गेलात तरी दुसरा टप्पा पुरा भरायचा. त्यामुळं प्रवासाचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याच्या शेवटी न वापरलेल्या रस्त्याचे पैसे जातात. हे त्या इतक्या तळमळीनं सांगत होत्या की गाडीतली दोन-चार माणसं माझ्याकडं कीव आल्यासारखी बघायला लागली.

लोहारा यायच्या आधी, एका मोरीपाशी, बाई उतरल्या आणि छत्री उघडून गावाकडं चालायला लागल्या. कंडक्टर हसून म्हणाला, "बाईंचा टप्पा इथं संपतो. पुढचा रस्ता त्यांचा सोताचा हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर त्याच. "या," त्या म्हणाल्या, "टप्पा देणाऱ्या बाई." त्या दिवसापासून त्या मोठ्या बाई आणि मी धाकट्या बाई. शाळेत आम्हाला नावं नव्हतीच.

लोहारा तेव्हा तालुका नव्हता. एक मोठं गाव, बाजार, थांब्यावर लिंबाचं झाड, झाडाखाली चहाची टपरी. त्या टपरीवर मोठ्या बाईंच्या गोष्टींचा साठा होता. त्यांना म्हणे एकदा चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा पोस्टात होता, पण त्याचं गाव टप्प्याच्या हद्दीपलीकडं दोन फर्लांगांवर निघालं आणि बाईंनी नकार कळवला. मी हे एकदा धीर करून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "टप्प्याचं खोटं हाय. तो पान लई खायचा."

लोक त्यांना कंजूष म्हणायचे. मलाही काही दिवस तसंच वाटलं. मग वाटायला लागलं की वाचवलेल्या पैशांतून ही बाई गुपचूप कुणाला तरी शिकवत असणार, कुणाची तरी फी भरत असणार. मी दोन वर्षं या गुपिताच्या मागं होते. तसं काही नव्हतं. बाई चांगला चहा पीत, तोही भारीतला. त्यांच्याकडं तीन बॅंडचा रेडिओ होता. थंडीत त्यांनी स्वतःला काश्मिरी शाल घेतली तेव्हा भाव करायच्या फंदातसुद्धा पडल्या नाहीत. घेतलेल्या वस्तूचे पैसे द्यायला त्यांची ना नव्हती. न घेतलेल्या रस्त्याचे पैसे मागितले की मात्र त्यांचा जीव तळमळायचा.

आणि या बाबतीत त्यांचा कायदा दोन्ही बाजूंनी लागू होता. एकदा आम्ही काही मुलींना घेऊन बेंबळीला खो-खोच्या सामन्यांना निघालो होतो. कंडक्टर ओळखीचा, मनानं चांगला. एका बारक्या चणीच्या मुलीकडं बघून तो म्हणाला, "हिचं अर्धं करू का बाई?"

"तिला बारा पुरी झाली."

"कधी?"

"मागल्या म्हैन्यात."

"एक म्हैना काय कोण बघतंय."

"म्या बघतेय की," बाई म्हणाल्या. "पुरं फाडा. आमी टप्पा वाचवतो, चोरत न्हाय."

ती मुलगी मात्र दिवसभर मोठी झाल्यासारखी चालत होती. तिच्या हातात पुरं तिकीट होतं ना.

मोठ्या बाईंसारखी सहल त्या काळात जिल्ह्यात कुणी काढली नसेल. विद्यार्थ्यांच्या सहलीला रेल्वे निम्म्या भाड्यात नेते हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. त्यासाठीचा फॉर्म त्या पेटीत कुलूपबंद ठेवत. येडशीच्या स्टेशनावर आम्ही त्या छोट्या रुळांच्या गाडीत बसायचो. ती गाडी इतकी सावकाश जायची की मुली खाली उतरून हरभऱ्याचे डहाळे घेऊन परत चढायच्या. मी वैतागून म्हणायचे, "बाई, एस.टी.नं चार तास आधी पोचलो असतो." त्या म्हणायच्या, "पोचून काय करणार हुता? बघायला आलो ना आपण? मग हे बघा की खिडकीतनं."

अशा या बाईंच्या डोक्यात एक गाव घुसलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्यांतली काही मला दिवाळीला चिवडा पाठवतात. आपण त्याला वळणाचं गाव म्हणू.

वळणाच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला लोहाऱ्यालाच यावं लागे. दर जूनला बाई आठवीच्या दाखल्यांचं रजिस्टर घेऊन बसत आणि दर जूनला त्या गावातून एकही मुलगी येत नसे. मुलं मुलांच्या शाळेत येत, सायकलवर, डबलसीट. मुलींना सायकल नव्हती. दुसऱ्या रस्त्यावर तेवढ्याच अंतराचं एक गाव होतं, तिथून नऊ मुली गाडीनं येत. बाईंना हे कोडं सुटेना. म्हणून एका रविवारी त्या वळणाच्या गावाला गेल्या, मला घेऊन, आणि घराघरांत विचारलं.

उत्तर सगळीकडं एकच. त्या दुसऱ्या गावाचा विद्यार्थी पास दोन टप्प्यांचा, यांचा तीन टप्प्यांचा. पोरासाठी तीन टप्पे भरले असते. पोरीसाठी दोनच परवडत होते. हे कुणी अशा शब्दांत बोललं नाही, पण त्याचा अर्थ तेवढाच होता.

परत येताना बाईंनी तिकीट काढलं नाही. चालत निघाल्या. मला चडफडत मागून जावं लागलं. तीन तासांनी लोहारा आलं तेव्हा त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या, बूट काढले, तळपाय दाबले आणि म्हणाल्या, "माझ्या पायाला हे गाव दोन टप्प्यांचं लागलं."

मी म्हटलं, "पायांचं कोण ऐकणार?"

"म्हणून चाकानं मोजायचं."

पुढच्या रविवारी शाळेच्या शिपायाची सायकल, एक चिंधी, चिंचोक्यांची एक आणि रिकामी एक अशा दोन पिशव्या घेऊन आम्ही लोहाऱ्याच्या थांब्यापासून निघालो. चिंधी पुढच्या चाकाला बांधलेली. चाकाचा एक वेढा किती होतो ते बाईंनी शिवणाच्या टेपनं सतरा वेळा मोजलं होतं : सात फुटांना थोडा कमी. त्या सायकल हातानं ढकलत चालणार, मी वेढे मोजणार आणि शंभर झाले की एक चिंचोका उजव्या पिशवीतून डाव्या पिशवीत टाकून रस्त्याच्या कडेला दगडाची खूण करणार. फाल्गुनातलं ऊन. मधे बोलायचं नाही, मोजणी चुकते.

एका शेळ्या राखणाऱ्यानं विचारलं, "पंक्चर झाली का?"

"न्हाय. मोजतेय," बाई चालता चालता म्हणाल्या.

"काय?"

"रस्ता."

"कुणाचा?"

"तुमचाच."

तो विचारात पडला आणि त्याच्या नादात वेढे चाळीस झाले की पन्नास ते मी विसरले. बाई सायकल उलटी फिरवून मागच्या चिंचोक्याच्या खुणेपाशी गेल्या आणि पुन्हा सुरुवात केली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तीसेक चिंचोके झाले आणि खिंड लागली. तिथं सावली होती म्हणून बसलो. खिंडीच्या डाव्या अंगाला एक जुनी, गवत माजलेली वाट डोंगराला वळसा घालून गेलेली दिसत होती. तिच्या कडेला एक किलोमीटरचा दगड कलंडून पडला होता. बाई त्या दगडाकडं टक लावून बघत राहिल्या.

शेजारच्या रानातून एक माणूस पाणी घेऊन आला. दोन-तीन एकराचा शेतकरी, त्याला गावात तात्या म्हणत. त्याच्या विमलला आम्ही मागच्या रविवारी भेटलो होतो. सातवीत पहिली येणारी, पाटीवर स्वतःच गणितं घालून स्वतःच सोडवणारी मुलगी. तिच्यासाठी मुरूम गावाकडचं स्थळ चाललंय असं आई कुजबुजली होती.

"ही वाट कुठली?" बाईंनी विचारलं.

"जुनी सडक. डोंगराला वळण घालून जायची. भात्तरच्या दुष्काळात सरकारनं काम काढलं, तवा ही खिंड आमी फोडली. सगळ्या गावानं. म्या पहार धरायचो, मालकीण घमेलं उचलायची. विमल तिथं त्या झाडाला झोळीत." तात्यानं अभिमानानं खिंडीच्या भिंतीवर हात ठेवला. "वळण गेलं तवापस्नं सडक सरळ झाली."

"किती कमी झाली?"

"मैलभर तर सहज."

बाई उठून उभ्या राहिल्या. "मग तुम्ही तीन टप्प्यांचं भाडं कशापायी देता?"

तात्याला समजेना. बाईंनी त्याला जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. हे लोहारा, हे तुमचं गाव, ही जुनी सडक. भाड्याचा तक्ता ठरला तो हिच्यावर. मग तुम्ही डोंगर फोडला, सडक तोकडी झाली, पण तक्त्याला कुणी सांगितलंच नाही. तक्त्यात अजून गाडी डोंगराला वळसा घालूनच जाते.

तात्या बराच वेळ त्या काडीच्या रेघेकडं बघत होता. "म्हंजी वळण आमी मोडलं, अन् त्याचंच भाडं आमी भरतो?"

"व्हय. नसलेल्या वळणाचं."

"बाई," तो म्हणाला, "टप्पा तुटला तर विमल येणार शाळंला. म्या शब्द देतो."

या शब्दानंतर बाईंच्या चालीत जो जोर आला तो मला सांगता येणार नाही. मला धावावं लागत होतं. माझा राग कुठं गेला ते मलाही कळलं नाही. त्या पोरीनं आठवीत यावं एवढंच वाटायला लागलं, आणि त्यासाठी मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं इतक्या काळजीनं मोजलं.

गावच्या थांब्यापाशी, मारुतीच्या देवळासमोर, अठ्ठावन्नावा चिंचोका पडला. बाईंनी तिथंच कागदावर गुणाकार केला. पुन्हा केला. मग कागद माझ्याकडं दिला आणि मी केला. बारा किलोमीटर आणि वर दोनशे मीटरला थोडे कमी. बाराला दोन टप्पे संपतात. तेवढ्या दोनशे मीटरसाठी तिसरा टप्पा कायम राहत होता.

मी मटकन पारावर बसले. बाई मात्र आल्या रस्त्यानं मागं गेल्या, सायकल घेऊन, आणि सत्तावन्नाव्या चिंचोक्याच्या खुणेपाशी जाऊन थांबल्या. तिथं उभं राहून त्यांनी चारी बाजूंना बघितलं. त्या काय बघत होत्या ते मला तेव्हा कळलं नाही.

मग अर्ज झाले. तीन अर्ज, तिन्ही बाईंच्या टपोऱ्या अक्षरात. एप्रिलच्या शेवटी डेपोचे एक साहेब जीप घेऊन आले. थकलेला, सरळ माणूस. त्यांनी जीपच्या मीटरवर अंतर बघितलं, आमच्या चिंचोक्यांचा हिशोब बघितला आणि हसून म्हणाले, "बाई, तुमचा चिंचोका आमच्या मीटरपेक्षा बरा आहे. वळणाचं तुमचं म्हणणं बरोबर, तक्ता दुरुस्त होईल. पण बाराच्या वर गेलं की तिसरा टप्पा. ते काही माझ्या हातात नाही."

"थांबा कुणाच्या हातात हाय?" बाईंनी विचारलं.

"थांब्याचं काय?"

"थांबा देवळापाशी हाय म्हणून बाराच्या वर जातंय. दोनशे मीटर अलीकडं आणला तर?"

साहेब विचारात पडले. "ग्रामपंचायतीचा ठराव आला तर आणता येईल. पण दोनशे मीटर अलीकडं काय आहे?"

"माणसं हायत," बाई म्हणाल्या.

तिथं बौद्धवस्ती होती. गावाच्या अलीकडं, सडकेला लागून, वीस-बावीस घरं. मोठ्या बाई स्वतः बौद्ध घरातल्या, दुसऱ्या गावच्या, पण हे लोहाऱ्यात आणि आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या साहेबांशी बोलत असतानाच गाव याला काय म्हणेल ते मला कळून चुकलं.

ग्रामपंचायतीची सभा सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर झाली. मे महिना, ओट्यावर खताच्या पोत्यांचा वास. सोसायटीचे चेअरमन मधे, गावातली जाणती माणसं दोन्ही बाजूंना, वस्तीतले चार-पाच जण खाली लिंबाच्या सावलीत, त्यांच्याबरोबर एक म्हातारी. बाईंनी उभं राहून टप्प्याचं सगळं सांगितलं. वळण, खिंड, बारा किलोमीटर. सगळे माना डोलवत होते. मग त्यांनी सांगितलं की थांबा कुठं येईल, आणि माना थांबल्या.

एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "म्हंजी गावानं गाडीसाठी तिकडं जाऊन उभं ऱ्हायचं?"

"दोनशे मीटर हाय," बाई म्हणाल्या.

"मीटरचं न्हाय म्हणत म्या. बाई, तुमच्या लोकांची सोय बघायलाव व्हय?"

मी बाईंकडं बघितलं.

"म्या टप्प्याचं बोलायला आले," त्या म्हणाल्या. "रस्ता तुमच्या माणसांच्या डोळ्यांदेखत मोजला. बारा किलोमीटर कुठं संपायचे ते म्या ठरवलं न्हाय. दुसरं काही बोलायचं आसल तर बोला, पर मला ऐकू येणार न्हाय."

तेवढ्यात खालून ती म्हातारी उठली. "आमाला कुणी इचारलं का?" ती म्हणाली. "सकाळ-सांज आमच्या दारात गर्दी. आमची काय ना न्हाय. बसाया वटा बी बांधू. पर तोंडं वाकडी करून उभं ऱ्हायचं आसल तर आमाला बी नगं तुमचा थांबा."

चेअरमन हिशेबी माणूस. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. बाजाराला जाणारी माणसं, दर आठवड्याला, जाऊन-येऊन, एकेक टप्पा. मग तो घसा खाकरून म्हणाला, "ज्येला देवळापास्नंच चढायचंय त्येनं तीन टप्पे भरावे. बाकीच्यांचा खर्च कशाला वाढवायचा?" हळूहळू ठरावाचा कागद फिरायला लागला. सह्या झाल्या, अंगठे उठले. फेटेवाल्या आजोबांनीसुद्धा, सगळ्यांत शेवटी, चष्मा लावून सही केली.

तात्या कागदाला न शिवता उठला. बाई त्याच्यासमोर गेल्या. "तात्या, तुम्ही शब्द दिला हुता."

"टप्प्याचा दिला हुता," तो खाली बघत म्हणाला. "जाग्याचा न्हाय." आणि तो निघून गेला.

परतीच्या गाडीत मी धुमसत होते. मी बाईंना म्हटलं, "तुम्ही त्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला एक कडक शब्द बोलला नाहीत. मी असते तर काय काय सुनावलं असतं."

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "निजामाच्या वेळंला इकडं खाजगी मोटारी चालायच्या," त्या म्हणाल्या. "माझा बाप आठवड्याला एकदा जायचा. मोटारवाले तिकीट पुरं घ्यायचे, अन् बसाया मागं पत्र्यावर, सामानात. बापानं एकदा बी कमी पैसे दिले न्हाईत. म्हणायचा, कमी दिले तर त्यांना बोलाया जागा हुईल." मग त्या माझ्याकडं वळल्या. "म्या बी कमी देत न्हाय. पर एक पैसा जास्त पण देणार न्हाय. अन् बसणार पुढंच."

खरंच, मी त्यांना कधी पुढच्या तीन बाकांच्या मागं बसलेलं बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्यामागं बसल्या होत्या, कारण मीच सगळ्यांत पुढं होते. मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या कंजूषपणावर मी किती हसले होते.

"आणि विमल?" मी विचारलं.

"टप्पा तुटला. आता शब्द त्येच्याकडं हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिकीट नीट घडी घालून पाकिटात ठेवलं. मोरीपाशी त्या नेहमीसारख्या उतरल्या. मीही उतरले.

जूनमध्ये शाळा उघडली, तोवर तक्ता दुरुस्त होऊन थांबा वस्तीपाशी आला होता. दहाची गाडी अकरा वाजले तरी आली नाही. मोठ्या बाई दाखल्यांचं रजिस्टर समोर ठेवून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि मी फाटकापर्यंत सतरा चकरा मारल्या. शेवटी साडेअकराला गाडी आली. वळणाच्या गावच्या मुली उतरल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. वस्तीतल्या तीन, गावातल्या दोन. विमल नव्हती. बाईंनी पाचही नावं लिहिली, प्रत्येकीला जन्मतारीख विचारून, टपोऱ्या अक्षरात. त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मला मात्र भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

मग फाटकातून तात्या आला. पुढं विमल, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हातात पिशवी. तात्या घामानं निथळत होता आणि चिडलेला होता.

"काय गाडी हाय का काय बाई ही," तो लांबूनच बोलायला लागला. "दीड तास. दीड तास त्या वट्यावर बसून हुतो. उतरल्यावर पुन्हा वही-पेन्सिल घ्याया दुकानात खोळंबा. तिकडं वट्यावरच पोरगी तहानंनं कासावीस. शेवटी त्या म्हातारीनं पाणी दिलं, ते प्याली."

तो थांबला. आपण काय बोललो हे त्याच्या आता ध्यानात आलं असावं. विमल बापाकडं बघत होती.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "अन् तुम्ही?"

तात्यानं टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"ऊन लई हुतं, बाई," तो म्हणाला. "दोन तांबे प्यालो."

बाईंनी रजिस्टर त्याच्यासमोर सरकवलं आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.